पट्टीबाईंची तिसरी फेरी

तुम्ही कधी एकाच अंगावर तीन तास पडून राहिला आहात का? झोपेत नव्हे, टक्क जागे असताना. खाज सुटली तरी खाजवायचं नाही, पाय आखडला तरी हलवायचा नाही, कूस बदलायची नाही. आज जमलं तर अर्धा तास करून बघा. जमणार नाही. दहाव्या मिनिटाला तुम्ही जरासे सरकाल आणि सरकलात हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही. ज्याला सरकता येत नाही त्याची कातडी तिथल्या तिथे मरते. आधी लाल होते, मग काळी पडते, आणि एका सकाळी चादर उचलली की तिथे खड्डा असतो.

हे खड्डे धुऊन, साफ करून, बांधून देण्याचं काम पट्टीबाई बावीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. काळी, जाड दांड्याची सायकल, मागे कॅरियरला बांधलेला स्टीलचा डबा, डब्यात गॉज, चिमटे, हातमोजे, सलाइनच्या बाटल्या. रोज नऊ-दहा घरं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जायचं, पट्टी बदलायची, घरच्यांना दोन शब्द धीराचे आणि चार शब्द रागाचे सुनवायचे, पुढच्या घरी. पावसात, उन्हात, स्वतःच्या गुडघ्याला गरम पट्टा बांधून. ज्या केंद्रातून त्या जात ते म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि कुणीच न उचलणारा फोन.

त्या केंद्राकडे हवेच्या गाद्या दोन होत्या. दोन! आणि अंथरुणावरची माणसं अकरा. हवेची गादी म्हणजे चैन नव्हे. तिला आडवे कप्पे असतात, पलंगाला अडकवलेला लहानसा पंप घुरघुरत असतो. दहा मिनिटं हे कप्पे फुगतात, दहा मिनिटं ते. माणसाला हलता येत नाही, म्हणून खालची गादी हलते. एवढंच. या एवढ्यासाठी केंद्राने तीन पत्रं पाठवली होती आणि तिन्ही पत्रं वर कुठल्यातरी टेबलावर आरामात पडली होती. त्यांना काही जखम होत नव्हती.

आणि इकडे बसवाले दादा. एकतीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस. कुणाला साधं खरचटूसुद्धा दिलं नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि पडले. कमरेखालचं सगळं गेलं. माकडहाडापाशी जखम झाली. मागच्या महिन्यात तिच्यात पट्टीबाईंच्या चिमट्याचं टोक बुडायचं, या महिन्यात करंगळीचं पेर बुडायला लागलं होतं. दादांची बायको, वहिनी, दर दोन तासांनी गजर लावून त्यांना कुशीवर वळवत असे. तिचं स्वतःचं मनगट सुजून टम्म झालेलं. डॉक्टर सांगून गेले होते, जखम हाडाला टेकली तर हॉस्पिटल. पट्टीबाईंच्या हातून असे चार पेशंट हॉस्पिटलात गेले होते. चौघांपैकी एकही परत आला नव्हता.

"महिना-दीड महिना," त्यांनी घरी लेकीला सांगितलं. "तेवढ्यात गादी मिळाली तर ठीक. नाहीतर दादा गेले."

लेक छपाईच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे सायकलवाल्यांचे बॅनर छापायला येतात. दर रविवारी सायकली हाणतात. वर्षातून एकदा मोठी फेरी काढतात, कुणासाठी तरी."

"कुणासाठी तरी म्हणजे? सायकल आपल्याच पायांनी चालवतात ना?"

"अगं, लोक मदत जाहीर करतात. तू एवढं अंतर कापलंस तर मी एवढे देईन, असं. मग ते सगळं एका कामाला देतात. गेल्या वर्षी अंधशाळेला वाद्यं दिली. काम कुठलं ते त्यांचे मेंबर सुचवतात."

"म्हणजे मी चांगलं काम करते म्हणून नाही, मी सायकल चालवते म्हणून ते माझं ऐकणार?"

"हो."

"मग बावीस वर्षं काय मी विमान चालवत होते?"

तरीही गेल्या. नाव नोंदवलं. सोबत एक नियमांचा कागद मिळाला. नियम पाच : तीन रविवारच्या फेऱ्या पूर्ण केलेल्या मेंबरालाच काम सुचवता येईल. सूचना द्यायची मुदत बरोबर तीन रविवारांनी संपत होती. पट्टीबाईंनी बोटांवर मोजलं. बसत होतं, पण काठावर.

पहिल्या रविवारी सहा वाजता पेट्रोल पंपापाशी बावीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, पायांत टकटक वाजणारे बूट. त्या बुटांनी चालताना चांगली धडधाकट माणसंही नुकतं प्लास्टर काढल्यासारखी दिसत होती. या सगळ्यांचा म्होरक्या टाइल्सच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याने पट्टीबाईंच्या सायकलला एक प्रदक्षिणा घातली.

"मावशी, ही किती किलोची आहे?"

"डबा धरून की डबा सोडून?"

"डबा कशाला आणलात?"

"तुम्ही दुकानाची किल्ली घरी ठेवून फिरता का?"

लोक हसले. हसणं वाईट नव्हतं, तेवढं पट्टीबाईंना कळत होतं. पण त्यांना मावशी म्हणवून घ्यायला आवडत नसे. कॅप्टन त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा होता, टकलावरूनच दिसत होतं.

मग त्या लोकांच्या रीती सुरू झाल्या. एकामागे एक ओळ करायची, पुढच्याच्या चाकामागे आपलं चाक. सगळ्यांत पुढचा जो असेल त्याच्या हातावर सगळी ओळ चालते : त्याने डावीकडे बोट दाखवलं की डावीकडे खड्डा, तळवा खाली केला की हळू, मूठ वर की थांबा, हात लांब केला की वळा. मागचा मान वर करून बघत नाही, विचारत नाही, फक्त पाळतो आणि ओरडून मागे कळवतो. "खड्डा!" "खड्डा!" "खड्डा!" बावीस वेळा. पट्टीबाईंना त्या रस्त्यावरचा एकूण एक खड्डा पाठ होता. काही खड्डे तर त्यांच्यासमोर लहानाचे मोठे झाले होते. हा ओरडा त्यांच्या डोक्यात जायचा.

अर्ध्या वाटेत कॉफीचं दुकान. तिथे एकाने खिशातून ट्यूब काढून चक्क तोंडात पिळली.

"अहो, मलम खाताय काय?" पट्टीबाई ओरडल्याच.

"ताकद येते, मॅडम," तो म्हणाला. हा दातांचा डॉक्टर, उंच, शांत, शेवटून दुसरा राहणारा. "घ्या थोडं."

"मला नको. ताकद आहे. चांगला रस्ता नाही, एवढंच."

कॉफी झाली की दुकानाच्या पायऱ्यांवर फोटो. सगळ्यांनी सायकलींसकट दाटीवाटीने उभं राहायचं, अंगठे वर. मग परत पंपापर्यंत. एकूण चाळीस किलोमीटर. पट्टीबाई शेवटून पहिल्या आल्या, पण आल्या. दुसऱ्या रविवारी त्यांच्या मागे तिघं होते. त्यातला एक लेकीच्या वयाचा होता. तो दिवस पट्टीबाईंचा बरा गेला.

तिसऱ्या रविवारी घोटाळा झाला. रस्ता बदलला होता आणि नवा रस्ता बरोबर बसवाल्या दादांच्या गल्लीच्या तोंडावरून जात होता. सकाळचे पावणेसात. बावीस वर्षं ज्या बाईने पेशंटची गल्ली ओलांडून कधी पुढे पाऊल टाकलं नाही तिचं हँडल आपोआप वळलं. ठरवलं वगैरे काही नाही. त्यांनी दातांच्या डॉक्टरला ओरडून सांगितलं, "पंधरा मिनिटांत आले!" आणि गल्लीत शिरल्या. पट्टी बदलली, वहिनीच्या मनगटाला क्रेप बँडेज बांधलं, चादरीच्या सुरकुत्या ओढून सरळ केल्या, आणि पुन्हा सायकलवर. सगळं अंतर कापलं. एक मीटर चुकवला नाही. कॉफीच्या दुकानापाशी पोचल्या तेव्हा ओळ निघून गेलेली. त्या न थांबता तशाच वळल्या आणि घामाने निथळत पंपावर येऊन टेकल्या. बाकीचे अजून हेल्मेटं सोडत होते.

"झाल्या तीन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता माझी सूचना लिहून घ्या."

कॅप्टनने फोन काढला, फोटो मोठा करून एकेक तोंड तपासलं. "मावशी, तुम्ही फोटोत नाही."

"मी रस्त्यावर होते."

"ते बरोबर आहे हो. पण आमच्याकडे फोटो हीच हजेरी."

"अहो, हा घाम काय मी घरून आणला?"

"तसं नाही. मागे एका मेंबराने अर्ध्या वाटेत सायकल गाडीच्या डिकीत टाकली आणि शेवटाला येऊन मेडल घेतलं. केवढी भांडणं झाली. तेव्हापासून ठरलं, अर्ध्या वाटेवरच्या फोटोत जो नाही त्याची फेरी धरायची नाही. मी तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या सगळेच..."

"मी पेशंटकडे गेले होते. हे दात बघणारे डॉक्टर साक्षीला आहेत."

डॉक्टर म्हणाला, "हो, सांगून गेल्या होत्या." आणि कॅप्टनकडे बघून हेल्मेटचा पट्टा सोडायला लागला. चांगल्या माणसांचा हाच वैताग आहे. खरं बोलतात, पण अर्धंच.

"पुढच्या वर्षी नक्की," कॅप्टन म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्यानेच पट्टीबाईंचं डोकं जास्त फिरलं. कुणी खेकसून नाही म्हटलं की निदान भांडता तरी येतं. हळहळून नाही म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

घरी येऊन त्यांनी हेल्मेट कॉटखाली भिरकावलं. "पुढच्या वर्षी! त्या माणसाची पाठ कॅलेंडर बघून फाटत नाही!"

"आई, सोड ना. त्यांच्यात परत जाऊच नकोस."

"जाणार. आता तर जाणारच."

"कशाला पण?"

कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या आठवड्यात दादांना ताप आला. जखमेच्या कडा काळपट झाल्या. पट्टीबाई आता रोज दोनदा जात होत्या आणि दर खेपेला करंगळीऐवजी मधलं बोट वापरावं लागेल का, या विचाराने हातमोजा चढवत होत्या.

चौथा रविवार मतदानाचा. शाळेची भिंत रंगवायची, टेकडीवर झाडं लावायची की बागेत पक्ष्यांसाठी पाण्याचं कुंड बांधायचं, ते कॉफीच्या दुकानात ठरणार होतं. कुठलंच काम वाईट नव्हतं. भिंतही रंगली पाहिजे, पक्ष्यांनीही पाणी प्यायलं पाहिजे. पण भिंत थांबू शकते हो!

कॅप्टनला आठवडाभर चुटपुट लागली असावी. निघताना तो म्हणाला, "आज कॉफीपर्यंत तुम्ही पुढे राहा. मान तुमचा." नव्या माणसाला पुढे ठेवणं ही त्यांच्यातली मोठी गोष्ट. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीबाई पुढे झाल्या. रस्ता मागच्याच रविवारचा होता.

त्या गल्लीचं तोंड जवळ आलं. त्यांनी डावा हात लांब केला.

मागच्याने हात लांब केला. त्याच्या मागच्याने केला. "डावीकडे!" "डावीकडे!" "डावीकडे!" आणि बावीस माणसं, कुणी मान वर न करता, कुणी का म्हणून न विचारता, दोन हात रुंदीच्या त्या गल्लीत एकामागे एक शिरली. पट्टीबाईंनी मूठ वर केली. ओळ थांबली. गल्ली पार भरून गेली. समोरच्या घरातली बाई दार उघडून बघायला लागली.

"मावशी, रस्ता चुकलात," कॅप्टन मागून ओरडला.

"नाही. मी हाक मारली की तुम्ही दोघं आत या. तुम्ही आणि डॉक्टर. बाकीचे खिडकीपाशी थांबा आणि आवाज करू नका."

आधी त्या एकट्या आत गेल्या. वहिनीने गोंधळून दादांच्या अंगावर चादर ओढली होती. पट्टीबाई पलंगापाशी वाकल्या. "दादा, बाहेर माझ्याबरोबरची माणसं आहेत. त्यांनी बघावं असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता परत पाठवते."

दादांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. खिडकीत हेल्मेटंच हेल्मेटं. "एवढे सगळे विनातिकीट?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दाखव. एकतीस वर्षं लोकांनी माझी पाठच बघितली आहे."

वहिनीने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत.

दोघांना आत बोलावून पट्टीबाईंनी डबा उघडला. कॅप्टनच्या हातात ट्रे दिला, डॉक्टरच्या हातात टॉर्च. दादांना कुशीवर घेतलं, जुनी पट्टी सोडवली. खोलीत वास पसरला. टाइल्सच्या दुकानाच्या मालकाने तोंड फिरवलं, ट्रे तिरका झाला आणि आतले चिमटे घसरून वाजले.

"नीट धरा," पट्टीबाई म्हणाल्या. "सांडलं तर पुन्हा उकळावं लागेल."

पट्टी बांधून झाली, दादांना पुन्हा टेकवलं, तेव्हा कॅप्टन म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

झालं. तीन आठवडे गिळलेलं सगळं वर आलं. "आधी? नियम पाच कुणी लिहिला? तीन फेऱ्यांशिवाय तोंड उघडायचं नाही, फोटोत नसलात तर फेरी धरायची नाही! मी सांगायला आले होते, तुम्ही मला सायकल चालवायला लावलीत! एका गादीसाठी, हवेच्या एका गादीसाठी, एकावन्नाव्या वर्षी तुमच्या मागे खड्डा खड्डा करत फिरले मी!"

"बाई," दादा पलंगावरून म्हणाले, "ब्रेक."

दातांच्या डॉक्टरने टॉर्च विझवला नव्हता. तो उजेड जमिनीवर तसाच पडला होता. "कसली गादी म्हणालात? आडवे कप्पे असतात? पंप पलंगाला अडकवायचा?"

"हो."

"मळकट गुलाबी रंगाची?"

"रंग कुठलाही असेल. का?"

"आमच्याकडे आहे. माळ्यावर. वडिलांसाठी आणली होती. ते गेले त्याला चार वर्षं झाली."

पट्टीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तीन रविवार हा माणूस त्यांच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर सायकल चालवत होता. "चार वर्षं?"

"टाकवत नव्हती. आणि द्यायची कुणाला ते कळत नव्हतं."

खिडकीतून आणखी एक आवाज आला, "आमच्या आईची पण असेल बहुतेक. खोक्यात. बघावं लागेल."

बघावं लागेल! त्या क्षणी पट्टीबाईंना त्या खिडकीतल्या एकेकाला हेल्मेटसकट धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि खाली बसून रडावंसंही वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "दुपारी बारापर्यंत इथे पाहिजे."

साडेदहालाच आली. गाडीच्या टपावर बांधून. चार वर्षं घडी घालून ठेवल्याने घडीच्या रेषेवर चिरली होती, पंप लावला की एक कप्पा फुस्स करून बसायचा. पट्टीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण सायकलवाल्यांना ते काम शिकवावं लागत नाही. कॅप्टनने वहिनीकडून बादलीभर पाणी आणि साबण मागितला, कप्प्यावर फेस चोळला, बुडबुडे कुठून निघतात ते शोधलं, खरखरीत कागदाने घासलं, आणि ट्यूबचं पंक्चर काढायचं ठिगळ त्यावर चिकटवून अंगठ्याने मिनिटभर दाबून धरलं. चार चिरा, चार ठिगळं. असले बूट घालून गुडघ्यांवर बसता येत नाही, म्हणून अनवाणी.

दादांना सहा जणांनी चादरीसकट उचललं. पंप घुरघुरायला लागला. कप्पे फुगले, बसले, फुगले. दादा डोळे मिटून होते.

"कसं वाटतं?" वहिनीने विचारलं.

"डेपोतनं गाडी निघाल्यासारखं."

कॅप्टनने फोन काढला. वहिनी चटकन मध्ये उभी राहिली. "फोटो नको. त्यांचं अंग उघडं आहे." कॅप्टनने फोन खिशात ठेवला. पट्टीबाईंच्या मनातून तो तेव्हा कुठे थोडा वर आला.

दोन महिने झाले या गोष्टीला. दादा ठणठणीत झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. जखम वाढायची थांबली आहे, कडा गुलाबी दिसायला लागल्या आहेत. वहिनी सलग पाच तास झोपते. त्या बावीस सायकलवाल्यांच्या घरांतून शेवटी तीन गाद्या निघाल्या. एक डॉक्टरची, एक त्या खोक्यातली, आणि तिसरीचा तर घरच्यांना पत्ताच नव्हता. मतदान मात्र पुढच्या रविवारी रीतसर झालं आणि ठरलं, शाळेची भिंत रंगवायची. नियम पाच अजून तसाच आहे. कॅप्टन म्हणतो, सर्वसाधारण सभा झाल्याशिवाय बदलता येत नाही. पट्टीबाई आता त्या सभेची तारीख विचारायला दर रविवारी सायकल घेऊन जातात.

आणि अंथरुणावरच्या अकरांपैकी सहा जण अजूनही नुसत्या गादीवर आहेत. ते एकाच अंगावर पडून आहेत, तुम्ही हे वाचत असताना सुद्धा. म्हणून एवढं करा. तुमच्या घरात कुणी आजारी होतं, ते गेलं, आणि त्यांची हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोड, वॉकर असं काही खोक्यात, माळ्यावर, पलंगाखाली पडून असेल, तर आज शिडी लावा आणि ते खाली काढा. जवळच्या दवाखान्यात जा, तिथे घरोघर फिरून पट्ट्या बांधणारी बाई कोण ते विचारा, आणि ती वस्तू तिच्या हातात द्या.